तारीख धरून ठेवण्याचं मोल

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

हे पत्र वेरूळजवळच्या एका गावातून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई पन्नाशीतल्या. नवरा शेती बघतो, मुलगा पुण्यात नोकरीला. शेतातल्या घराला लागून त्यांनी पाहुण्यांसाठी तीन खोल्या बांधल्या. मुलाने त्या एअरबीएनबी या खोल्या बुक करण्याच्या ॲपवर टाकल्या, पण निम्म्याहून जास्त बुकिंग अजून फोनवरून, ओळखीपाळखीतूनच येतं. भाडं रात्रीला 2,000 रुपये, सकाळचा नाश्ता धरून. फोनवरच्या पाहुण्यांकडून निम्मे पैसे आधी घेतात.

गेल्या श्रावणात एका कुटुंबाने रविवारच्या रात्रीसाठी तिन्ही खोल्या धरल्या. सोमवारी पहाटे घृष्णेश्वराचं दर्शन घ्यायचं होतं. 3,000 रुपये आगाऊ आले. त्याच तारखेसाठी नंतर आणखी फोन आले, ताईंनी सगळ्यांना नाही सांगितलं. शनिवारी संध्याकाळी त्या कुटुंबाचा फोन आला : घरात मयत झाली, येता येत नाही, पैसे परत करा. दूध, भाजी, पीठ आणून झालं होतं, मदतीला बाई सांगून ठेवली होती. ताईंनी 1,500 परत केले, 1,500 ठेवले. रविवारी संध्याकाळी खोली शोधत दारात आलेल्या दोन कुटुंबांना त्यांनी दोन खोल्या प्रत्येकी 2,500 रुपयांना दिल्या, तिसरी रिकामी राहिली. काही दिवसांनी गूगलवर एक तारा पडला आणि खाली मजकूर : 'मयतीचे पैसे खाणारी माणसं.'

तेव्हापासून घरात वाद आहे. मुलगा म्हणतो, 'यापुढे एक रुपया परत द्यायचा नाही. मोठी हॉटेलं देत नाहीत, आपण का द्यायचे?' नवरा म्हणतो, 'कुणाचा तळतळाट घ्यायचा नाही, मागितले की देऊन टाकायचे.' ताई विचारतात, 'लोक खोटी कारणंही सांगतात. खरं कोण, खोटं कोण, कसं ओळखायचं? आणि आमच्या घरात बरोबर कोण?' पत्राच्या शेवटी त्यांनी ओघात आणखी एक गोष्ट लिहिली आहे. महाशिवरात्रीला नणंद मुलाबाळांसह अचानक आली, तेव्हा ॲपवरच्या एका पाहुण्याला आदल्या दिवशी 'खोली नाही' असं कळवावं लागलं, आणि कंपनीने उलट ताईंचेच पैसे कापले.

उत्तर:

ताई, नमस्कार.

गूगलवरचं ते वाक्य तुम्हाला किती लागलंय, हे पत्राच्या प्रत्येक ओळीत दिसतं. आयुष्यभर दारी आलेल्याला पाणी-भाकरी देणाऱ्या बाईला कुणीतरी चारचौघांत असं म्हणावं, याचं दुःख मोठं आहे. म्हणून आधी एवढंच सांगते की तुम्ही पैशाला हपापलेल्या नाही. तुमची अडचण तुमच्या स्वभावात नाही. ती तुम्ही स्वतःला विचारलेल्या एका प्रश्नात आहे.

खरं कोण आणि खोटं कोण, हा तो प्रश्न. तो सोडून द्या. कायमचा.

आज हा प्रश्न विचारल्याशिवाय तुम्हाला निर्णयच घेता येत नाही. फोन आला की तुम्ही समोरच्याचा आवाज ऐकता, तो रडवेला आहे का बघता, मयत जवळच्याची की लांबच्याची याचा अंदाज घेता, आणि त्यावरून किती परत द्यायचे ते ठरवता. हे न्यायाधीशाचं काम झालं. फोनवर दोन मिनिटांत ते कुणालाच जमणार नाही. ज्याला चांगलं बोलता येतं त्याचे पैसे परत जातील. ज्याला दुःखात शब्द फुटत नाहीत त्याचे बुडतील. शिवाय ज्याच्या घरी खरोखर माणूस गेलं आहे त्याला तुमच्यापुढे ते सिद्ध करत बसावं लागेल, यासारखी वाईट गोष्ट नाही. त्या कुटुंबाचा राग 1,500 रुपयांपुरता असेल असं मला वाटत नाही. आपल्या दुःखाची किंमत निम्मी लावली गेली, असं त्यांना वाटलं असावं. तुमच्या मनात तसं काही नव्हतं हे मी जाणते. पण आधी काही ठरलेलं नसेल आणि आकडा फोनवर ठरत असेल, तर तो कारणाचाच भाव वाटतो.

मग ठरवायचं कशावरून? दोनच गोष्टींवरून. पाहुण्याने किती दिवस आधी सांगितलं, आणि ती तारीख पुन्हा जाण्यासारखी होती का. कारण काहीही असो.

आपल्याकडे मंगल कार्यालय धरताना इसार देतात. लग्न मोडलं तर कार्यालयवाल्याने इसार ठेवला म्हणून त्याला कुणी पापी म्हणत नाही. त्याने ती तिथी आपल्यासाठी अडवून ठेवली होती, दुसऱ्यांना परत पाठवलं होतं, हे सगळ्यांना समजतं. लग्न का मोडलं हे तो विचारतही नाही. तुमच्या खोलीचंही तेच आहे. पाहुणा आगाऊ पैसे देतो ते तारीख अडवण्यासाठी. तुम्ही पाहुणचाराचे पैसे आधी घेता अशी समजूत तुमच्या घरात आहे, आणि म्हणून पाहुणचार झाला नाही की ते पैसे कुणाचे यावर भांडण होतं.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं घेऊ. तळतळाट नको, ही भावना मला मनापासून पटते. पण सगळे पैसे नेहमी परत, असं ठरलं तर त्याचा भार कुणावर पडतो? श्रावणी सोमवारसाठी खोली मागणाऱ्या ज्या लोकांना तुम्ही नाही म्हणालात, त्यांच्यावर. कदाचित त्यांनी रात्र गाडीत काढली असेल. रविवारची सुट्टी मोडून कामाला येणाऱ्या बाईवरही पडतो, कारण पाहुणे नाहीत म्हटल्यावर तिचा रोज बुडतो. आणि तुमच्यावर पडतो, कारण खोल्यांसाठी घातलेला पैसा तुम्हाला याच मोजक्या तारखांतून काढायचा आहे. फुकट अडवता येणारी तारीख लोक बेफिकीरपणे अडवतात. दोन-तीन ठिकाणी बुकिंग करून ठेवायचं, जिथे जमेल तिथे जायचं आणि बाकीच्यांना शेवटच्या क्षणी कळवायचं. हे करणारे लोक वाईट नसतात. त्यांना कुणी त्याचं मोल सांगितलेलं नसतं, एवढंच.

मुलाच्या म्हणण्यातही गफलत आहे. मोठी हॉटेलं परत देत नाहीत, हे अर्धंच खरं. हॉटेलं बहुधा दोन भाव ठेवतात : रद्द केल्यास पैसे परत मिळणारा जास्तीचा भाव, आणि परत न मिळणारा कमी भाव. पाहुणा स्वतः निवडतो. भाव न उतरवता फक्त अट कडक केली, तर पाहुणा शेजारच्या होमस्टेवर जाईल. तुमच्याकडे अजून फारशी परीक्षणं नाहीत. ज्या घराबद्दल काहीच माहीत नाही, तिथे परत न मिळणारे पैसे कोण आधी भरेल? मुलाला हे करूनच बघायचं असेल तर त्याला म्हणा, 1,800 चा एक भाव लाव परत न मिळणारा, आणि 2,000 चा परत मिळणारा. लोक कोणता घेतात ते हंगामभरात कळेल.

त्या रविवारचा हिशेब मी तुमच्याच आकड्यांवरून मांडून पाहिला. तिन्ही खोल्यांचे 6,000 यायचे होते. दोन खोल्यांचे 5,000 आले, वर 1,500 तुम्ही ठेवून घेतले. म्हणजे 6,500. ठरल्यापेक्षा 500 जास्त, आणि तिसऱ्या खोलीचा नाश्ताही वाचला. ताई, हे वाचून अपराधी वाटून घेऊ नका. शनिवारी संध्याकाळी फोन ठेवताना रविवारी दारात कुणी येईल हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. कुणीच आलं नसतं तर 6,000 च्या जागी 1,500 वर भागवावं लागलं असतं. पण खोल्या गेल्यानंतर हिशेब पुन्हा करायला हवा होता. घरातल्या तिघांपैकी कुणीही तो केला नाही, कारण वाद धर्म-अधर्माचा चालला होता आणि वही कुणी उघडलीच नाही.

कायद्याचा कलही याच बाजूला आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार करार मोडल्याबद्दल आधी रक्कम ठरलेली असली, तरी मिळते ती वाजवी भरपाई, फार तर त्या रकमेइतकी. आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये 'अन्याय्य करारा'ची व्याख्या आहे. करार मोडल्यामुळे झालेल्या नुकसानीच्या मानाने अगदीच अवाजवी दंड ग्राहकावर लादणारी अट तीत येते. 'एक रुपयाही परत नाही' हे वाक्य चिठ्ठीवर छापलं म्हणजे विषय संपला, असं मुलाने धरून चालू नये. महिनाभर आधी रद्द झालेल्या आणि नंतर पुन्हा गेलेल्या खोलीचे सगळे पैसे ठेवणं टिकणं अवघड आहे. आदल्या संध्याकाळी रद्द झाल्याने रिकामी राहिलेल्या खोलीचे पैसे ठेवणं मात्र रास्त ठरू शकतं, अट आधी स्पष्ट सांगितलेली असली तर.

आणि तुमच्या प्रकरणात ती सांगितलेली नव्हती. म्हणून माझं मत स्पष्ट देते : ते 1,500 रुपये परत करा. मयत झाली म्हणून परत करा असं मी म्हणत नाही. रद्द केलं तर निम्मे जातील, हे त्या माणसाला पैसे पाठवताना माहीत नव्हतं, आणि तुमचं त्या रात्रीचं नुकसानही जवळपास भरून निघालं होतं. ही दोन कारणं पुरेशी आहेत. फोन तुमच्या यजमानांनीच करावा. असं काहीसं बोलता येईल : 'तुमच्या घरी दुःख झालं होतं, त्या वेळी पैशाचं बोलणं नीट झालं नाही. आम्ही तेव्हा काही अट सांगितलेली नव्हती, म्हणून उरलेले पैसे पाठवतोय. पुन्हा दर्शनाला आलात तर जरूर या.' परीक्षण काढून टाका, असं मात्र म्हणू नका. पैशाच्या बदल्यात चांगले शब्द मागितल्यासारखं होईल, आणि मग परत केलेल्या पैशालाही अर्थ राहणार नाही. त्यांनी आपणहून काढलं तर चांगलंच.

त्या परीक्षणाखाली मालक म्हणून उत्तर लिहिता येतं. ते उत्तर त्या कुटुंबासाठी कमी आणि उद्या तुमचं घर शोधणाऱ्यासाठी जास्त असतं. म्हणून त्यात मयतीचा तपशील नको, 'तुम्हीच उशिरा सांगितलं' हेही नको. 'तुमच्या अडचणीच्या वेळी रद्द करण्याबाबतची अट आमच्याकडून आधी सांगितलेली नव्हती. पूर्ण रक्कम परत केली आहे. आता प्रत्येक पाहुण्याला अट बुकिंगपूर्वी लेखी पाठवतो.' एवढी तीन वाक्यं पुरेत.

आता ती लेखी अट.

वर्षाचे सगळे दिवस तुमच्यासाठी सारखे नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. श्रावणातले रविवार, महाशिवरात्र, दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा, थंडीतले शनिवार-रविवार या तारखा मागून घेतल्या जातात. उलट एप्रिल-मेच्या उन्हात आठवड्याच्या मधल्या दिवशी खोली तशीही रिकामीच असते. तिथे कुणी रद्द केलं तर तुमचं नुकसान जवळपास काहीच होत नाही. म्हणून दोन नियम करा. साध्या दिवसांसाठी : आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवलं तर सगळे पैसे परत. गर्दीच्या तारखांसाठी : सात दिवस आधी कळवलं तर सगळे परत, त्यानंतर आगाऊ रक्कम ठेवली जाईल, पण खोली दुसऱ्या कुणाला गेली तर जितकी भरपाई झाली तितके परत. या शेवटच्या अर्ध्या वाक्यावर मी फार भर देते. तळतळाटाची यजमानांची भीती त्याने जाते, कारण मग तुम्ही एकाच खोलीचे दोघांकडून पैसे घेत नाही. आणि मुलाचं नुकसानही होत नाही.

तुळजापुरात नवरात्र आणि अश्विनी पौर्णिमेला खोल्या देणाऱ्यांनी, औंढा नागनाथ किंवा परळीला महाशिवरात्रीला पाहुणे ठेवणाऱ्यांनी, नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या सणावारांना घर देणाऱ्यांनीही आपापल्या गर्दीच्या तारखांची यादी करून हाच नियम लावून पाहावा. म्हैसमाळला पावसाळी पाहुणे घेणाऱ्यांना एक जादा ओळ लागेल : पाऊस जास्त आहे किंवा पाऊसच नाही, या कारणावर वेगळी सवलत नाही.

फोनवर बुकिंग झालं की पैसे मागण्याआधी व्हॉट्सॲपवर हा मजकूर पाठवा. मी कच्चा करून देते, तुमच्या बोलीत बदलून घ्या.

'नमस्कार. अमुक तारखेच्या रात्रीसाठी इतक्या खोल्या तुमच्या नावाने धरत आहोत. एकूण भाडं इतकं, आगाऊ इतके. ही गर्दीची तारीख आहे. अमुक तारखेपर्यंत कळवलंत तर सगळे पैसे परत. त्यानंतर कळवलंत तर आगाऊ रक्कम परत मिळणार नाही. खोली दुसऱ्या पाहुण्याला गेली तर आमची जितकी भरपाई होईल तितके परत करू. कारण कोणतंही असलं तरी नियम हाच. तारीख बदलायची असेल तर एकदा, सहा महिन्यांच्या आत, खोली रिकामी असेल त्या दिवशी बदलून देऊ. मान्य असेल तर 'मान्य' असं लिहून मग पैसे पाठवा.'

मजकुरात 'सात दिवस आधी' असं मोघम लिहू नका, खरी तारीख लिहा. सातवा दिवस कोणता यावर भांडण होतं, 'दहा ऑगस्टपर्यंत' यावर होत नाही. आणि तारीख बदलून द्यायची सोय ठेवाच. ज्याच्या घरी खरंच काही घडलं आहे त्याला तुम्ही पूर्ण नकार देत नाही, आणि थापा मारणाऱ्याला त्यातून रोख पैसे मिळत नाहीत. दयेची जागा नियमातच असली की फोनवर ती मागावी लागत नाही, आणि तुम्हाला तपासावी लागत नाही.

ॲपवरच्या बुकिंगला हा मजकूर चालणार नाही. तिथे कंपनीने ठरवलेल्या चौकटींतून एक निवडावी लागते. एअरबीएनबीवर 'फ्लेक्सिबल'मध्ये पाहुणा येण्याच्या एक दिवस आधीपर्यंत पूर्ण पैसे घेऊन रद्द करू शकतो, 'मॉडरेट'मध्ये पाच दिवस आधीपर्यंत, 'लिमिटेड'मध्ये 14 आणि 'फर्म'मध्ये 30 दिवस आधीपर्यंत. मुलाला विचारा, सध्या कोणती निवडली आहे. तुमच्यासाठी मला 'मॉडरेट' योग्य वाटते. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून मुंबई-नागपूरकडच्या माणसाला आदल्या दिवशी ठरवून वेरूळ गाठणं सोपं झालं आहे. मग पाच दिवस आधी रिकामी झालेली खोली पुन्हा जायला वाव असतो. 30 दिवसांची अट परदेशी पर्यटक महिनोन्‌महिने आधी ठरवतात तिथे शोभते, इथल्या पाहुण्याला ती भीती घालते. आणखी एक : 2025 च्या ऑक्टोबरपासून तिथे बुकिंगनंतर पहिल्या 24 तासांत पाहुण्याला पूर्ण पैशांसह रद्द करता येतं, येण्याला किमान सात दिवस बाकी असतील तर. त्यामुळे बुकिंग आलं की लगेच किराणा भरू नका.

मुलाला हेही समजावून सांगा की ॲपवर तुम्ही कितीही कडक अट निवडली तरी शेवटचा शब्द कंपनीचा असतो. 2020 च्या मार्चमध्ये करोनामुळे एअरबीएनबीने यजमानांच्या, म्हणजे खोल्या देणाऱ्यांच्या, अटी बाजूला ठेवून पाहुण्यांना पूर्ण पैसे परत दिले. जगभरचे यजमान नाराज झाले, तेव्हा कंपनीने 25 कोटी डॉलर बाजूला काढले आणि यजमानांना त्यांच्या अटीनुसार जे मिळालं असतं त्याचा एक चतुर्थांश भाग देऊ केला. नैसर्गिक आपत्ती किंवा सरकारी प्रवासबंदी आली की आजही तिथे मोठ्या संकटांसाठीचं वेगळं धोरण लागू होतं आणि पाहुण्याला पैसे परत मिळतात.

तुमच्या फोनवरच्या बुकिंगलाही तोच न्याय ठेवा. मराठवाड्यात हे आपण अलीकडेच पाहिलं आहे. 2025 च्या सप्टेंबरात नेमक्या नवरात्राच्या दिवसांत धाराशिव, बीड, लातूरकडे पूर आला, पुलांवरून पाणी गेलं. 2023 च्या ऑक्टोबरअखेरीस मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात एसटी ठिकठिकाणी बंद होती. अशा वेळी पाहुणा येऊच शकत नाही. रस्ता बंद, लेणी किंवा मंदिर प्रशासनाने बंद केलं, तुमच्या घरची वीज-पाणी गेलं, तर सगळे पैसे परत. इथेही कारण तपासायची गरज नाही, कारण ते सगळ्या जिल्ह्याला दिसत असतं.

आता एक गोष्ट जी पत्रात कुठेच नाही, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बरीच बुकिंगं पाहुण्याच्या चुकीच्या समजुतीमुळे मोडतात, आणि ती आधीच दूर करता येते. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. बाहेरगावच्या माणसाला हे माहीत नसतं. तो सोमवार-मंगळवारची रजा काढतो, खोली धरतो, निघायच्या दोन दिवस आधी त्याला कळतं आणि तो रद्द करतो. दुसरा समजतो की वेरूळ-अजिंठा ही जोडनावं आहेत म्हणजे लेणीही शेजारी-शेजारी असतील. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ 30 किलोमीटरच्या आसपास आणि अजिंठा 100 च्या आसपास, तेही वेगळ्या दिशेला. तुमच्याकडे राहून अजिंठा बघायचा तर अख्खा दिवस जातो. हे त्याला बुकिंगच्या वेळीच सांगा. एखादा त्याच क्षणी नको म्हणेल. म्हणू द्या. आज नको म्हणालेला पाहुणा तुमचं काहीच अडवत नाही.

येण्याच्या आठवडाभर आधी, म्हणजे पूर्ण पैसे परत मिळण्याची मुदत संपायच्या आदल्या दिवशी, स्वतः फोन करा. 'किती वाजता पोचाल? रात्री जेवायला पिठलं-भाकरी करू का? सोबत म्हातारं माणूस आहे का, खालची खोली ठेवू?' हे विचारताना ज्याचं यायचं नक्की नाही तो तिथेच बोलून जातो, आणि तुमच्या हातात सात दिवस राहतात. काही जण म्हणतील, असा फोन म्हणजे रद्द करायची आठवण करून देणं. मला तसं वाटत नाही. ज्याला यायचं नाही त्याचे पैसे मुदत चुकवून ठेवण्यापेक्षा खोली वेळेत मोकळी होणं तुम्हाला फायद्याचं आहे. आणि ज्यांना तुम्ही नाही म्हणालात त्यांची नावं-नंबर वहीत त्याच तारखेखाली लिहून ठेवा. त्या शनिवारी अशी वही असती तर तुम्ही दारात कुणी येण्याची वाट बघत बसला नसता, फोन लावले असते. गावातल्या इतर होमस्टेवाल्यांशी मिळून एकमेकांकडे पाहुणे पाठवायचं ठरवलंत तर अजून चांगलं. मालक आपसात बोलतात तिथे रिकामी खोली आणि बिनखोलीचा पाहुणा यांची गाठ लवकर पडते.

पैसे परत करताना एक जपा. 'चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा' असं सांगून खोटा मेसेज दाखवणारे लोक होमस्टेवाल्यांनाही गाठतात. मेसेजवर विश्वास न ठेवता बँकेच्या खात्यात पैसे खरंच जमा झालेत का ते बघा, आणि ज्या खात्यातून आले त्याच खात्यावर परत करा. पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही की पिन टाकावा लागत नाही. कुणी तसं सांगितलं तर फोन ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर कळवा.

राहिली महाशिवरात्रीची गोष्ट. तुम्ही ती ओघात लिहिली, पण मी तिथे थांबले. ज्या पाहुण्याला तुम्ही आदल्या दिवशी 'खोली नाही' म्हणालात, त्याच्या बाजूने बघा. त्यानेही रजा काढली असेल, घरच्यांना सांगितलं असेल, आणि महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी वेरुळात दुसरी खोली कुठून मिळणार? त्याने तारीख मोडली असती तर तुम्हाला जे वाटलं असतं तेच त्याला वाटलं असणार. कंपनीने पैसे कापले ते याचसाठी. एअरबीएनबीवर यजमानाने विनाकारण रद्द केलं तर येण्याला 30 दिवसांहून जास्त असतील तर बुकिंगच्या 10 टक्के, त्यानंतर 48 तास उरेपर्यंत 25 टक्के, आणि शेवटच्या 48 तासांत 50 टक्के दंड बसतो. फोनवरच्या पाहुण्याला मात्र कुणाचंच संरक्षण नाही. म्हणून तुमच्या मजकुरात तुमच्यावरही अट घाला : 'आमच्याकडून रद्द झालं तर सगळे पैसे परत, आणि जवळपास दुसरी खोली शोधून देण्याची जबाबदारी आमची.' ही ओळ वाचलेला पाहुणा तुमची बाकीची अट कुरकुर न करता मान्य करेल, असा माझा विश्वास आहे.

नणंदेला नाही म्हणा, असं मी सांगणार नाही. माहेरचं घर तिचंही आहे. पण श्रावण, महाशिवरात्र आणि दिवाळीच्या तारखांना तीनपैकी एक खोली घरच्यांसाठी राखून ॲपच्या कॅलेंडरवर आत्ताच बंद करायला मुलाला सांगा. नणंदबाईंना महिनाभर आधी फोन करून येणार आहात का विचारा. त्या येणार नसतील तर ती खोली उघडा, आणि वहीत सगळ्यात वर ज्याचं नाव असेल त्याला पहिला फोन लावा.